खाण-शेअर बाजाराचा इतिहास कसा मांडायचा: सॅन फ्रान्सिस्को बोर्ड आणि कॉमस्टॉकचे शेअर

सप्टेंबर 1862 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या दलालांनी एकत्र येऊन स्टॉक अँड एक्स्चेंज बोर्ड सुरू केलं. त्याआधी तीन वर्षं, 1859 मध्ये, सिएरा नेवाडा डोंगरांपलीकडे कॉमस्टॉक नावाची चांदी-सोन्याची शीर, म्हणजे खडकातला खनिजाचा पट्टा, सापडली होती. तिच्यावर व्हर्जिनिया सिटी आणि गोल्ड हिल ही गावं उभी राहिली. खाणी नेवाडात होत्या आणि शेअर कॅलिफोर्नियात विकले जात होते. पुढची वीस वर्षं हा बाजार प्रामुख्याने या एका शिरेवर चालला. एका प्रदेशाच्या खाणींवर उभा असलेला बाजार कसा अभ्यासायचा, हे शिकायला याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही. नोंदी भरपूर आहेत, त्यातल्या बऱ्याच घरबसल्या फुकट वाचता येतात, आणि चुकायच्या जागाही सगळ्या इथे सापडतात.

या विषयावरच्या लिखाणातली सर्वांत मोठी चूक म्हणजे भावाचा आलेख काढून तेजी-मंदीची कथा सांगणं. खाण-शेअरच्या बाबतीत नुसता भाव दिशाभूल करतो. त्यासोबत आणखी तीन गोष्टी लागतात: कंपनीचे त्या दिवशी किती शेअर होते, भागधारकांकडून वेळोवेळी किती पैसे मागवले गेले, आणि लाभांश किती वाटला गेला. हे चारही आकडे एका तक्त्यात आले की मगच कोणाच्या खिशातून पैसा गेला आणि कोणाच्या खिशात आला ते कळतं.

आधी बाजार कोणता ते नक्की करा

नावांचा घोळ इथूनच सुरू होतो. 1862 चं बोर्ड त्या काळी ‘बिग बोर्ड’ म्हणून ओळखलं जाई. 1870 च्या दशकातल्या तेजीत त्याला प्रतिस्पर्धी उभे राहिले. त्यांपैकी एकाचं नाव पॅसिफिक स्टॉक एक्स्चेंज होतं. विसाव्या शतकात याच नावाने प्रसिद्ध झालेला बाजार मात्र वेगळा. त्याचं मूळ 1882 च्या स्टॉक अँड बाँड एक्स्चेंजमध्ये आहे आणि 1957 मध्ये लॉस एंजेलिसच्या बाजारासोबत त्याचं एकत्रीकरण झालं. खाणींचं जुनं बोर्ड पुढे सॅन फ्रान्सिस्को मायनिंग एक्स्चेंज या नावाने 1967 पर्यंत तग धरून राहिलं. प्रत्येक नोंदीसमोर बाजाराचं नाव वर्षासह लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. नंतर ते दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

एप्रिल 1906 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि त्यामागून लागलेल्या आगीत शहराचा व्यापारी भाग जळाला. कंपन्यांची कार्यालयं याच शहरात असल्यामुळे भागधारकांच्या नोंदवह्या आणि दलालांची दफ्तरं मोठ्या प्रमाणात नष्ट झाली. त्यामुळे इथे मुख्य आधार वर्तमानपत्रांचा. मूळ नोंदवही मिळेल या आशेवर काम अडवून ठेवू नका.

कागद कुठे आहेत

कॅलिफोर्निया डिजिटल न्यूजपेपर कलेक्शन हा संग्रह फुकट आहे. त्यात सॅन फ्रान्सिस्कोचं डेली आल्टा कॅलिफोर्निया 1849 पासून 1891 पर्यंत वाचता येतं. रोजच्या बोर्डाचे भाव, असेसमेंटच्या (भागधारकांकडून पैसे मागवण्याच्या) नोटिसा, लाभांशाच्या जाहिराती आणि वार्षिक सभांची वृत्तं सगळी त्यात आहेत. सॅक्रामेंटो डेली युनियनही तिथेच आहे. आल्टाचं एखादं पान फाटकं निघालं की ते कामी येतं. नेवाडातली खाणगावची पत्रं पाहायला अमेरिकी काँग्रेस ग्रंथालयाचा क्रॉनिकलिंग अमेरिका हा संग्रह वापरा.

तिसरा स्रोत मायनिंग अँड सायंटिफिक प्रेस हे साप्ताहिक. 1860 मध्ये सुरू झालेल्या या पत्रात भागधारकांसाठी एक तक्ता येई. कोणत्या कंपनीने कितवी असेसमेंट लावली, शेअरमागे किती, मुदत कधी संपते, थकलेल्या शेअरांचा लिलाव कधी, सेक्रेटरी कोण आणि त्याचं कार्यालय कुठे, एवढं सगळं त्यात असतं. याचे बरेचसे खंड इंटरनेट अर्काइव्हवर आहेत. एखाद्या कंपनीचा सांगाडा उभा करायचा असेल तर आधी हे साप्ताहिक चाळा आणि मग दैनिकाकडे वळा. उलट क्रमाने गेलात तर महिने जातील.

शोधताना यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबू नका. स्तंभ अरुंद, टाइप बारीक आणि अपूर्णांक छापखान्याच्या एकाच खिळ्यात बसवलेले. साडेपाचचा आकडा यंत्र एक्कावन्न म्हणून वाचतं, पावचा अंश गिळून टाकतं. म्हणून शोध फक्त पान सापडेपर्यंत यंत्राचा. आकडा नेहमी पानाच्या चित्रावरून उतरवा. आदल्या आणि दुसऱ्या दिवशीचा भाव पाहूनच तो पक्का करा. शेजारच्या दिवसांशी न जुळणारा आकडा वगळू नका, त्यावर खूण करून ठेवा. कधी ती छपाईची चूक निघते, तर कधी त्याच दिवशी खाणीतून खरोखर बातमी आलेली असते.

भावाची ओळ वाचताना

बोर्डावर कंपन्यांची नावं क्रमाने पुकारली जात आणि प्रत्येक नाव आलं की सौदे होत. दैनिकात त्याची जी ओळ छापून येते तिच्यात शेअरांची संख्या, कंपनीचं नाव, भाव आणि अनेकदा एक अक्षर व एक आकडा असतो. ‘बी 30’ म्हणजे तीस दिवसांच्या आत कधीही माल उचलण्याचा हक्क घेणाऱ्याचा. ‘एस 30’ म्हणजे त्याच मुदतीत कधी द्यायचा हे विकणाऱ्याच्या हातात. बी सौद्यात मुदतीचा फायदा घेणाऱ्याला असल्याने त्याचा भाव रोखीच्या भावापेक्षा सहसा वर असतो, एस सौद्याचा सहसा खाली. एकाच दिवशी तीन वेगळे भाव दिसले म्हणून गोंधळू नका. तुमच्या मालिकेत फक्त रोखीचे सौदे घ्या आणि मुदतीचे वेगळ्या रकान्यात ठेवा. तेजीच्या महिन्यांत या दोन रकान्यांतलं अंतर वाढताना दिसलं तर उधारीवरची खरेदी फुगते आहे असं समजायला आधार मिळतो.

सुरुवातीच्या वर्षांत आणखी एक अडचण येते. तेव्हा भाव शेअरचा नसून फुटाचा असे. शिरेच्या लांबीवर कंपनीचा दावा किती फुटांचा, त्यातला एक फूट म्हणजे मालकीचं एकक. गूल्ड अँड करी या कंपनीचा दावा 1,200 फुटांचा होता आणि शेअर 4,800, म्हणजे फुटाला चार. 1863 च्या उन्हाळ्यात तिचा भाव फुटाला 6,300 डॉलरपर्यंत गेला. चाराने भागलं की शेअरमागे 1,575 डॉलर. हा भागाकार केल्याशिवाय 1863 चे आकडे 1870 च्या आकड्यांशेजारी ठेवूच नयेत. प्रत्येक कंपनीसाठी एक स्वतंत्र पान करा. त्यावर दाव्याचे फूट, सुरुवातीचे शेअर आणि त्यानंतर शेअरसंख्या बदलल्याची प्रत्येक तारीख लिहा.

शेअरसंख्या वारंवार बदलत असे. कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियाचे शेअर 1,08,000 वरून 5,40,000 झाले, म्हणजे एकाचे पाच. त्या तारखेच्या दोन्ही बाजूंचे भाव सरळ जोडले तर आलेखात एका दिवसात 80 टक्के घसरण दिसते, प्रत्यक्षात कोणाचा एक पैसाही गेलेला नसतो. म्हणून विभाजनाआधीचे सगळे भाव पाचाने भागून घ्या आणि मूळ आकडा शेजारच्या रकान्यात तसाच राहू द्या. मूळ आकडा खोडून टाकणं ही अशी चूक आहे की नंतर स्वतःलाही ती शोधून काढता येत नाही.

असेसमेंट: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

आपल्याकडच्या वाचकाला अंशतः भरलेला शेअर माहीत असतो. दर्शनी किमतीपैकी काही रक्कम आधी भरायची, उरलेली कंपनी मागेल तेव्हा, आणि पूर्ण भरली की देणं संपलं. कॉमस्टॉकच्या शेअरचं तसं नव्हतं. बाजारात पूर्ण किंमत देऊन घेतलेल्या शेअरवरही संचालक मंडळ पुन्हा पुन्हा पैसे मागवू शकत असे. एका असेसमेंटवर कायद्याने मर्यादा होती, भांडवलाच्या दहा टक्क्यांची. किती वेळा लावायची याला मर्यादा नव्हती. कागदावरचं भांडवल मात्र खऱ्या गुंतवणुकीच्या कैक पट फुगवलेलं असे. दर्शनी किंमत 100 डॉलर असेल तर दहा टक्के म्हणजे शेअरमागे 10 डॉलर, मग तो शेअर बाजारात 4 डॉलरला का मिळत असेना.

नोटीस ठरावीक साच्याची असते. वर कंपनीचं नाव. मग मुख्य कार्यालय: सॅन फ्रान्सिस्को, कॅलिफोर्निया. कामाची जागा: व्हर्जिनिया मायनिंग डिस्ट्रिक्ट, स्टोरी काउंटी, नेवाडा. त्याखाली संचालक मंडळाच्या सभेची तारीख, असेसमेंटचा क्रमांक, शेअरमागची रक्कम, आणि ती अमेरिकी सोन्याच्या नाण्यांत सेक्रेटरीकडे ताबडतोब भरावी अशी सूचना. पुढे दोन तारखा येतात. पहिल्या तारखेपर्यंत भरणा झाला नाही तर शेअर थकीत ठरतो. दुसऱ्या तारखेला त्याचा जाहीर लिलाव होतो, आणि असेसमेंटसोबत जाहिरातीचा आणि विक्रीचा खर्चही वसूल केला जातो.

या नोटिशीतला क्रमांक फार मोलाचा आहे. समजा तुमच्या तक्त्यात असेसमेंट क्रमांक 11 नंतर थेट 13 आहे. म्हणजे बारावी कुठेतरी निसटली. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. क्रमांक सलग लागले की त्या कंपनीचा मागवलेला पैसा पूर्ण हाती आला याची खात्री होते. मात्र कंपनी नव्याने नोंदवली गेली किंवा दोन कंपन्या एक झाल्या तर क्रमांक पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतात, तेव्हा पानावर तशी रेघ ओढा.

थकीत शेअरांच्या लिलावाची यादीही वाचा, ती कंटाळवाणी वाटली तरी. तिच्यात भागधारकाचं नाव, सर्टिफिकेटचा क्रमांक, शेअरांची संख्या आणि थकबाकी असते. 1906 मध्ये जळालेल्या नोंदवह्यांचा एवढाच तुकडा आपल्या हाती उरला आहे. एक सावधगिरी बाळगा. नावापुढे ‘ट्रस्टी’ असं लिहिलेलं दिसलं तर तो माणूस बहुधा खरा मालक नसतो. दलाल किंवा मध्यस्थ आपल्या नावावर सर्टिफिकेट काढत, मागे सही करत, आणि मग तेच कागद सौद्यासौद्याला हात बदलत राहत. अशा नावांवरून मालकी कोणाची हे ठरवायला गेलात तर मूठभर दलालच सगळ्या खाणींचे धनी होते असा चुकीचा निष्कर्ष निघेल.

हिशोब मांडायची रीत

तक्त्यात आठ रकाने पुरतात: तारीख, कंपनी, बाजार, मूळ भाव, त्या दिवशीची शेअरसंख्या, विभाजनानुसार सुधारलेला भाव, असेसमेंट, लाभांश. नववा रकाना स्रोताचा, पत्र आणि पान क्रमांकासह. तो कधीही रिकामा ठेवू नका.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोणी 20 डॉलरने 10 शेअर घेतले, म्हणजे 200 डॉलर घातले. पुढे दोन-दोन डॉलरच्या तीन असेसमेंट आल्या, 60 डॉलर गेले. मग एकाचे पाच शेअर झाले, हाती 50 आले आणि भाव 3 डॉलर. नुसता भाव पाहिला तर 20 वरून 3, म्हणजे 85 टक्के बुडाले असं वाटतं. खरा हिशोब असा: घातले 260, हाती 150, तोटा 110 डॉलर, सुमारे 42 टक्के. आता उलट बाजू पाहा. सुधारलेला भाव 20 वरून 25 झाला, पण मधल्या काळात शेअरमागे 8 डॉलर असेसमेंट भरावी लागली. आलेखात पाव पट नफा दिसतो, प्रत्यक्षात 28 घालून 25 मिळाले. जुन्या लिखाणातल्या कितीतरी ‘तेजी’ या हिशोबात टिकत नाहीत.

दोन्ही टोकं दाखवणारी खरी उदाहरणं हवी असतील तर क्राऊन पॉइंट आणि कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया घ्या. क्राऊन पॉइंटचा शेअर 1870 च्या अखेरीस दोन-तीन डॉलरवर लोळत होता. नवं खनिज लागल्यावर 1872 च्या मे महिन्यापर्यंत तो 1,825 डॉलरला पोहोचला. कन्सॉलिडेटेड व्हर्जिनियाने एकूण सुमारे 4 कोटी 29 लाख डॉलर लाभांश दिला, आणि तिच्यातून वेगळ्या काढलेल्या कॅलिफोर्निया कंपनीने 3 कोटी 13 लाख. ही उदाहरणं खरी असली तरी अपवादात्मक आहेत. त्यांच्या आसपासच्या बहुतेक कंपन्यांनी आयुष्यभर असेसमेंटच वसूल केली. म्हणून नमुना निवडताना लाभांश देणाऱ्या कंपन्या आधी उचलू नका. एका ठरावीक दिवशी बोर्डावर पुकारलेली सगळी नावं घ्या आणि प्रत्येकाचा शेवटपर्यंत माग काढा. हे काम रटाळ आहे, पण इतिहास त्यातूनच निघतो.

आणखी काही ठेचा लागण्याच्या जागा

बेल्चर आणि बेस्ट अँड बेल्चर या दोन वेगळ्या खाणी आहेत. पहिली गोल्ड हिलला क्राऊन पॉइंटशेजारी, दुसरी उत्तरेला व्हर्जिनिया सिटीत. दैनिकाच्या तक्त्यात नावं तोडून छापलेली असतात, त्यामुळे घोटाळा सहज होतो. चोल्लार आणि पोटोसी 1865 मध्ये एक झाल्या, तोवरच्या नोंदी स्वतंत्र ठेवा.

चलनाचंही भान ठेवा. यादवी युद्धाच्या काळात अमेरिकेच्या पूर्व भागात कागदी डॉलर चालत होते, कॅलिफोर्नियात व्यवहार सोन्याच्या नाण्यांत होत. 1864 च्या उन्हाळ्यात सोन्याचे 100 डॉलर घ्यायला 280 हून अधिक कागदी डॉलर लागत. न्यूयॉर्कच्या पत्रातला आकडा आणि आल्टातला आकडा एका रकान्यात लिहिलात तर सगळा तक्ता बिघडतो. 1 जानेवारी 1879 पासून कागदी डॉलरच्या बदल्यात सोनं मिळू लागलं, त्यानंतर ही काळजी नको.

खाणीच्या उत्पादनाचे आकडे वापरताना चांदी कोणत्या दराने मोजली आहे ते पाहा. जुन्या अहवालांत ती टांकसाळीच्या दराने, औंसाला 1.2929 डॉलर, धरलेली असते. 1870 च्या दशकाच्या मध्यापासून बाजारभाव त्याखाली होता. त्यामुळे कागदावरचं उत्पन्न प्रत्यक्ष विक्रीपेक्षा जास्त दिसतं.

बातमीची तारीख आणि शोधाची तारीख एक समजू नका. चांगलं खनिज लागलं की खाणीच्या मंडळींनी कामगारांना खालीच रोखून धरायचं, आणि तोवर आपल्या माणसांनी बाजारात शेअर गोळा करायचे, असे प्रकार तिथे ठाऊक होते. भाव आधी चढला आणि बातमी नंतर छापली गेली, तर ती विसंगती पुसू नका. तुमच्या मांडणीतला तो सर्वांत बोलका पुरावा असू शकतो.

मूळ सर्टिफिकेट हाती असेल तर त्याचाही उपयोग होतो. 1862 ते 1872 या काळात नव्या शेअर सर्टिफिकेटवर 25 सेंटांचं केंद्रीय महसूल तिकीट लावावं लागे. तिकीट आहे की नाही यावरून काळाचा अंदाज पडताळता येतो. पाठीमागची सही, रद्द केल्याची छिद्रं आणि क्रमांक नोंदवा. तो क्रमांक लिलावाच्या याद्यांत शोधा, कधी कधी जुळतो.

मुंबईशी तुलना करायची असेल तर

हा मोह मराठी अभ्यासकाला होणारच, आणि तो रास्त आहे. सॅन फ्रान्सिस्को बोर्ड सुरू झालं त्याच वर्षांत मुंबईत कापसाच्या पैशावर शेअरांचा सट्टा पेटला होता. मुंबईतल्या दलालांची संघटना 1875 मध्ये उभी राहिली, आणि त्याच वर्षी 26 ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोतली बँक ऑफ कॅलिफोर्निया बंद पडली. पण वर्षं जुळली म्हणजे कारणं जुळली असं नाही. मुंबईत घात झाला तो 1 जुलै 1865 ला पुरे होणाऱ्या वायद्यांनी. सॅन फ्रान्सिस्कोत भागधारक वर्षानुवर्षं असेसमेंटने झिजत गेला. तुलना करायची तर भावांची करू नका. मुदतीचे सौदे आणि उरलेल्या देण्याची पद्धत यांची करा.

खरा दुवा चांदीचा आहे. नेवाडाची वाढलेली चांदी आणि जर्मनीसह युरोपीय देशांनी चांदीची नाणी सोडणं, या दोन्हींमुळे 1873 नंतर चांदी घसरत गेली आणि चांदीवर टेकलेला रुपयाही. 1893 मध्ये हिंदुस्थानच्या टांकसाळी लोकांच्या चांदीसाठी बंद कराव्या लागल्या. हा धागा लिहायचा असेल तर चांदीच्या लंडन भावाचा एक रकाना तक्त्यात वाढवा.

हीच पद्धत इतर बाजारांना लावता येते. वॉशिंग्टन राज्यातला स्पोकेनचा बाजार 1897 पासून 1991 पर्यंत चालला आणि शेजारच्या आयडाहोतल्या कोर दालेन भागाच्या चांदीच्या खाणींवर जगला. तिथे सर्टिफिकेटवर शेअर ‘असेसेबल’ की ‘नॉन-असेसेबल’ हे छापलेलं असतं, ते सर्वांत आधी पाहा. 1934 नंतरच्या वर्षांसाठी केंद्रीय रोखे आयोगाकडच्या दाखल कागदपत्रांमुळे शेअरसंख्या शोधणं बरंच सोपं होतं. त्याआधीच्या वर्षांसाठी मात्र पुन्हा स्थानिक दैनिकं आणि असेसमेंटच्या नोटिसाच उघडाव्या लागतील.